जुनी बीएसए आणि तिची साइडकार: निवडायची, जोडायची आणि चालवायची कशी

साइडकारवाली जुनी इंग्लिश मोटरसायकल बघायला गेलेला माणूस आधी रंग बघतो, मग क्रोम बघतो, मग साइडकारच्या सीटवरनं हात फिरवतो आणि तिथंच त्याचा निकाल लागतो. पैसे मोजून गाडी घरी येते. पहिल्या रविवारी बाहेर काढली की ती सारखी डावीकडं ओढते, ताशी वीस मैलांच्या आसपास हँडल थरथरायला लागतं, खांदे भरून येतात, आणि मग साहेब सगळ्यांना सांगत सुटतात की साइडकार हा प्रकारच भयंकर, परत नाव काढणार नाही. माझं म्हणणं असं की अशा वेळी बहुतेकदा मोटरसायकल पण बरी असते आणि साइडकार पण बरी असते, दोघांची जोडणी मात्र कुणीतरी अंदाजपंचे केलेली असते. म्हणून इथं पॉलिश, पेंट वगैरेबद्दल फार काही मिळणार नाही, जोडणीबद्दल आणि चालवण्याबद्दल मिळेल.

उदाहरण म्हणून मी बीएसए या इंग्लिश कंपनीची एम २१ धरतोय. कारण विचाराल तर ही गाडी दिसायला साधी, पळायला हळू आणि साइडकार ओढायला एकदम पक्की. बर्मिंगहॅममधल्या स्मॉल हीथच्या कारखान्यात १९३७ पासून एम २० आणि एम २१ ही भावंडं बनायला लागली. दोघींच्या सिलिंडरचा बोअर म्हणजे आतला व्यास सारखाच, ८२ मिलिमीटर, फक्त एम २० चा स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ९४ आणि एम २१ ची ११२, म्हणून एक ४९६ सीसी आणि दुसरी ५९१ सीसी. एम २० युद्धात गेली, ब्रिटिश सैन्याला सव्वा लाखाच्या वर एम २० पुरवल्या गेल्या आणि त्यातल्या बऱ्याच हिंदुस्थानातही आल्या, आपल्याकडं मिलिटरी डिस्पोजलमधून निघालेल्या जुन्या बीएसए अजून सापडतात त्या बहुतेक त्याच. एम २१ मात्र खरी साइडकारचीच गाडी. इंजिन साइडव्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं, कॉम्प्रेशन ५ ला १ च्या आसपास, ताकद फक्त १५ हॉर्सपॉवर, म्हणजे साधारण आजच्या दीडशे सीसीच्या गाडीएवढीच, पण ही ताकद अगदी खालच्या आरपीएमला मिळते, त्यामुळं भरलेली साइडकार घेऊन चढावर गाडी धापा टाकत का होईना पण चढते. युद्धानंतर ब्रिटनच्या ऑटोमोबाईल असोसिएशननं रस्त्यात बंद पडलेल्या मोटारींच्या मदतीला पिवळ्या रंगाच्या एम २१ ठेवल्या होत्या, सीटच्या जागी हत्यारांची पेटी असलेली साइडकार लावून. हे मॉडेल १९६३ पर्यंत चाललं. दिवसभर रस्त्यावर राबणाऱ्या लोकांनी इतकी वर्षं वापरलं यातच सगळं आलं.

बीएसएच पाहिजे असं काही नाही. यॉर्कशरच्या क्लेकहीटनमधली पँथर मॉडेल १०० बघा, ५९८ सीसीचा एकच सिलिंडर पुढं कललेला आणि इंजिन स्वतःच फ्रेमचा पुढचा दांडा असल्यासारखं बसवलेलं, साइडकारवाले लोक तिच्यावर जीव टाकतात. एरियलची ६०० सीसी व्हीबी आहे, नॉर्टनची बिग फोर आहे, जिचं ६३३ सीसीचं युद्धातलं मॉडेल तर साइडकारच्या चाकालाही ड्राइव्ह देत होतं. पैसा उतू जात असेल तर व्हिन्सेंट. पण पहिल्यांदा घेणाऱ्यानं माझं ऐकावं आणि हळू, जाड, एका सिलिंडरची, रिजिड (मागच्या चाकाला स्प्रिंगच नसलेली) किंवा प्लंजर (मागच्या आसाच्या दोन्ही टोकांना उभ्या स्प्रिंगा असलेली) फ्रेमवाली गाडी घ्यावी. स्विंगआर्मवाल्या, म्हणजे मागचं चाक वरखाली हलणाऱ्या दांड्यावर असलेल्या, पुढच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांच्या फ्रेममध्ये साइडकारसाठी नीट जागा नसते, मग वेगळी सबफ्रेम बनवून घ्यावी लागते आणि तिथून खर्च सुरू होतो तो थांबत नाही.

आता साइडकार. ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त दिसतात त्या वॉटसोनियनच्या. बर्मिंगहॅमच्या वॉटसन नावाच्या माणसानं १९१२ मध्ये हा धंदा सुरू केला तो का, तर त्याची गाडी साइडकारसकट घराच्या अरुंद बोळातून आत जाईना, म्हणून त्यानं घडी होणारी साइडकार बनवली. तेव्हा पहिला सल्ला फुकटचा: घ्यायच्या आधी तुमचं गेट मोजा. एकचाकी बाजू धरून सगळी रुंदी पाच फुटांच्या वर सहज जाते. दुसरी स्वॅलो, ब्लॅकपूलमध्ये १९२२ ला विल्यम वॉल्म्सली आणि २१ वर्षांच्या विल्यम लायन्सनं काढलेली कंपनी, तीच पुढं जग्वार झाली, म्हणून स्वॅलोच्या किमती डोक्याला हात लावायला लावतात. तिसरी जर्मनीतल्या न्यूरेंबर्गची स्टाइब, दिसायला सगळ्यात देखणी, टॉर्पेडोसारखी. पण युरोपातून आलेल्या साइडकारमध्ये एक गोम असते, तिकडं गाड्या उजवीकडनं चालतात म्हणून साइडकारही उजव्या बाजूची असते. ब्रिटनमध्ये आणि भारतात फुटपाथच्या बाजूला म्हणजे डावीकडं पाहिजे. उजवीची डावी करणं म्हणजे चेसिसचे सगळे ब्रॅकेट, दार, मडगार्ड सगळंच उलटं, त्यात पडू नका.

साइडकार बघायला जाताना खिशात एक टोकदार टोचणी ठेवायची. जुन्या बॉडीचा आतला सांगाडा बऱ्याचदा अ‍ॅश लाकडाचा असतो, वर पत्रा किंवा अ‍ॅल्युमिनियम. वरनं चकाचक रंग आणि आत लाकूड कुजून भुसा, हे कॉमन आहे. सीट उचला, फ्लोअरच्या कोपऱ्यात आणि जिथं बॉडी चेसिसला बोल्टनं बसते तिथं टोचून बघा, टोचणी आरामात आत गेली तर लाकूड गेलं असं समजा. मग चेसिस. पाइपवर हलक्या हातोडीनं टकटक करत जायचं, आवाज एका जागी बद्द झाला तर तिथं आतनं गंजलंय. चाकाचा स्पिंडल म्हणजे आस, हबची बेअरिंग, पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि वेल्डिंगच्या आसपास केसासारखी बारीक चीर. मोटरसायकलच्या फ्रेमवर जिथं साइडकारचे लग, म्हणजे जोड अडकवायचे कान, असतात तिथंही तसंच, टॉर्च लावून, कापडानं पुसून, घाई न करता. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फिटिंग. साइडकार आणि मोटरसायकल यांच्यातले चार जोड, खालचे दोन आणि वरचे दोन, हे तुमच्या फ्रेमला बसणारे बरोबर मिळतायत का ते विचारा. फिटिंगशिवायची साइडकार स्वस्त मिळते ती यामुळंच. नंतर तीच फिटिंग शोधत तुम्ही ब्रिटनमधल्या स्टॅफर्डच्या शोला आणि ब्यूलीच्या ऑटोजंबलला, म्हणजे जुन्या सुट्या भागांच्या बाजाराला, दगडासारखे गंजलेले लोखंडी तुकडे उलटेपालटे करत बसाल, आणि तो विकणारा म्हातारा 'हे बहुतेक बीएसएचंच आहे' असं म्हणेल, त्या 'बहुतेक'वर विश्वास ठेवायचा नाही, आपल्या फ्रेमची मापं कागदावर लिहून न्यायची.

हत्यारांचं एक आधीच सांगून ठेवतो. या गाड्यांना मिलिमीटरचे पाने चालत नाहीत. नटबोल्ट व्हिटवर्थ मापाचे आणि आटे बऱ्याच ठिकाणी इंचाला २६ असे सायकलवाले. तेरा-चौदाचा पाना जवळपास बसतोय म्हणून जोर लावला की नटाचे कोपरे गेले. व्हिटवर्थचा एक सेट घ्या, जुन्या बाजारात फार महाग नसतो.

जोडायच्या आधी मोटरसायकल एकटी सरळ पाहिजे. पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत आहे का, हँडल ज्यावर फिरतं त्या हेड बेअरिंगमध्ये खेळ आहे का, चाकांचे स्पोक घट्ट आहेत का. स्पोकची गोष्ट लोक विसरतात. एकटी मोटरसायकल वळणावर झुकते म्हणून चाकावर भार उभा राहतो, साइडकार लावली की ती झुकतच नाही, सगळा भार चाकाला आडवा बसतो आणि सैल स्पोक तुटायला लागतात. त्यानंतर गिअरिंग. सोलो, म्हणजे साइडकारशिवायच्या, गाडीच्या इंजिनावरचं स्प्रॉकेट काढून एक-दोन दातांनी लहान बसवायचं, नाहीतर टॉप गिअरमध्ये इंजिन नुसतं कण्हत राहील. स्प्रॉकेट बदललं की गिअरबॉक्स सरकवून प्रायमरी चेनचा, म्हणजे इंजिन ते गिअरबॉक्स या चेनचा, ताण परत लावायचा, मग मागची चेन, मग मागचं चाक परत रेषेत, या क्रमानंच. पुढच्या फोर्कला साइडकारसाठीची जड स्प्रिंग मिळाली तर उत्तम. आणि स्टिअरिंग डँपर, तो मोठा गोल नॉब हँडलच्या मधोमध असतो तो, त्याच्या चकत्या झिजलेल्या नसाव्यात. सुरुवातीला सांगितलेली वीस मैलांची थरथर मारायला तोच लागतो.

आता मुख्य काम. यासाठी एक पूर्ण दिवस आणि एक मदतनीस ठेवा, आणि सपाट जमीन. सपाट म्हणजे खरोखर सपाट, लेव्हल लावून बघितलेली, गॅरेजच्या फरशीला पाणी जायला उतार दिलेला असतो तो डोळ्याला दिसत नाही आणि तुमचा सगळा हिशोब बिघडवतो. लागणारं सामान: दोन सरळ पट्ट्या, अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा रंधा मारलेल्या लाकडाच्या, मोटरसायकलच्या लांबीपेक्षा मोठ्या, गवंड्याकडं असतो तसा ओळंबा, मोजपट्टी, खडू आणि चाकांखाली ठेवायला लाकडी ठोकळे. तिन्ही टायरमध्ये हवा बरोबर भरा, कमी हवेवर घेतलेलं माप फुकट जातं.

मोटरसायकल ठोकळ्यांच्या आधारानं उभी करायची, शेजारी साइडकारची चेसिस तिच्या उंचीला आडवी लेव्हलमध्ये. आधी खालचे दोन जोड लावायचे, एक बॉल जॉइंट आणि एक वाकड्या मानेचा दांडा, पण नुसते अडकवायचे, घट्ट करायचे नाहीत. वजन हे दोघं पेलतात. वरचे दोन दांडे लांबी कमीजास्त होणारे असतात, त्यांचं काम गाडी उभी धरायचं, त्यांना शेवटी हात लावायचा.

पहिलं माप म्हणजे साइडकारचं चाक मागच्या चाकाच्या किती पुढं आहे. दोन्ही स्पिंडलपासून जमिनीवर ओळंबा सोडा, खडूनं खुणा करा आणि अंतर मोजा. साधारण आठ ते दहा इंच पुढं असलं की बरं. फार मागं ठेवलं तर उजव्या वळणावर गाडीचं नाक साइडकारवरून पालथं पडायला बघतं, फार पुढं ठेवलं तर टायर घासतात आणि हँडल जड होतं. मी नऊच्या आसपास ठेवतो, पण तुमच्या चेसिसच्या क्लँप जिथं सरकतात तिथंच तुमचं बजेट संपतं, त्यामुळं आठ आलं म्हणून रडू नका.

दुसरं माप टो-इन. एक पट्टी मोटरसायकलच्या दोन्ही टायरना चिकटवून ठेवा, पुढचा टायर मागच्यापेक्षा बारीक असेल तर तेवढ्याच फरकाची पट्टी मध्ये सारा. दुसरी पट्टी साइडकारच्या टायरला चिकटवा. आता पुढच्या चाकाच्या पुढं दोन्ही पट्ट्यांमधलं अंतर मोजा आणि मागच्या चाकाच्या मागं मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा अर्ध्या ते पाऊण इंचानं कमी पाहिजे, म्हणजे साइडकारचं चाक मोटरसायकलकडं किंचित तोंड करून आहे. हे का करायचं ते समजून घ्या. साइडकार ही डावीकडं लोंबणारं ओझं आहे, ती सतत गाडीला डावीकडं खेचते, आणि तिचं चाक थोडं उजवीकडं वळलेलं असलं की ती ओढ बरीचशी कापली जाते. जास्त केलं की टायर खडूसारखा झिजतो, एका बाजूनं कातरल्यासारख्या कडा दिसायला लागतात. तेव्हा पाऊण इंचाच्या वर जायचा मोह टाळा.

तिसरं माप झुकाव, आणि इथं सगळ्यात जास्त गोंधळ घातला जातो. मोटरसायकल सरळ नव्वद अंशात ठेवायची नसते, ती साइडकारपासून लांब, म्हणजे उजवीकडं अगदी थोडी कललेली पाहिजे. ब्रिटनमधले आणि आपल्याकडचे रस्ते मधून उंच आणि कडेला उतरते असतात, आपण डावीकडनं चालवतो म्हणजे सगळी गाडी आधीच डावीकडं कललेली असते, शिवाय साइडकारमध्ये माणूस बसला की अजून. हा कल भरून काढायला उजवीकडचा झुकाव. मोजायची सोपी रीत: मागच्या चाकाच्या रिमशेजारी ओळंबा सोडायचा आणि रिमच्या वरच्या कडेपासून दोरीचं अंतर आणि खालच्या कडेपासून दोरीचं अंतर यातला फरक घ्यायचा. १९ इंची रिमला ९ मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळपास १ अंश. तेवढ्यापासून सुरुवात करा. आणि हे माप घेताना सीटवर तुमच्या वजनाचा माणूस बसलेला पाहिजे आणि साइडकारमध्येही नेहमी असेल तेवढं वजन. रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप रस्त्यावर उपयोगाचं नाही, स्प्रिंगा दबल्या की सगळं बदलतं.

झुकाव लावला की टो-इन हलतो, टो-इन सारखा केला की परत झुकाव हलतो, आणि दोन्ही जमले की कळतं चाकाचं अंतर अर्धा इंच मागं आलंय. हे असंच असतं, चिडू नका, प्रत्येक फेरीत चूक कमी होत जाते. शेवटी सगळे बोल्ट घट्ट करा आणि घट्ट केल्यावर परत एकदा तिन्ही मापं घ्या कारण घट्ट करतानाच सरकतात. आलेली मापं गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवा. पुढं कधी साइडकार काढून परत लावायची वेळ आली की निम्मा दिवस वाचेल.

साइडकारच्या दिव्यांची वायरिंग करताना एवढंच करा, अर्थिंगसाठी चेसिसवर अवलंबून राहू नका. जोडांमध्ये ग्रीस असतं, गंज असतो, आणि सहा व्होल्टच्या सिस्टिमला तेवढं निमित्त पुरतं. वेगळी वायर टाका.

आता गाडी चालू करू. एम २१ थोडे दिवस नुसती उभी राहिली की तेलाच्या टाकीतलं तेल पंपातून हळूहळू खाली इंजिनात झिरपतं. टाकी रिकामी दिसते म्हणून नवा माणूस वरनं तेल ओततो, मग चालू केल्यावर निळ्या धुराचा ढग आणि शेजाऱ्यांची खिडकी. टाकी खाली दिसली तर आधी इंजिनच्या खालचा प्लग उघडून आतलं तेल काढा. मग पेट्रोलचा कॉक उघडा, इंजिन थंड असेल तर कार्बुरेटरवरची टिकलीसारखी पिन दाबून पेट्रोल ओलं दिसेपर्यंत धरा, इग्निशनचा लिव्हर अर्ध्यापर्यंत रिटार्ड करा, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल. हे विसरलात तर किक उलटी येते, आणि ६०० सीसीचा एकच सिलिंडर उलटा फिरला की घोट्याची वाट लागते. किक हळूच दाबत न्या, एका जागी अडेल, तिथं हँडलवरचा व्हॉल्व्ह उचलायचा लिव्हर दाबून किक जरा पुढं सरकवा, लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग पूर्ण शरीराचं वजन टाकून एकदाच खाली. जोर लावायचा नसतो, वजन टाकायचं असतं. चालू झाली की लिव्हर अ‍ॅडव्हान्स. गरम इंजिनला ती पिन दाबायची गरज नाही.

चालवायला शिकताना पहिल्यांदा आतापर्यंतचं सगळं मोटरसायकलचं ज्ञान बाजूला ठेवा. तुम्ही जितके जुने आणि चांगले मोटरसायकलस्वार असाल तितका तुम्हाला जास्त त्रास होणार, कारण तुमचं अंग वळणावर आपोआप झुकायला जातं आणि ही गाडी झुकत नाही, हिला हँडल ओढून वळवावं लागतं. एखादं मोठं रिकामं मैदान किंवा रविवारी बंद असलेल्या कारखान्याचं पार्किंग शोधा. साइडकारमध्ये वाळूचं पोतं टाका, ३०-४० किलोचं, फ्लोअरवर, चाकाच्या बाजूला, आणि ते घसरणार नाही असं बांधा. माणूस नको, अजून नको.

सरळ जाताना हे जाणवेल: थ्रॉटल उघडलं की गाडी डावीकडं जाते, कारण मोटरसायकल पुढं धावते आणि साइडकार मागं रेंगाळते. थ्रॉटल सोडलं किंवा ब्रेक मारला की उजवीकडं जाते, कारण आता मोटरसायकल थांबतेय आणि साइडकारला अजून पुढं जायचंय. जोडणी कितीही बरोबर असली तरी हे राहणारच, आणि हे एकदा हातात बसलं की त्याचाच उपयोग करता येतो. डावं वळण आलं तर आधीच वेग कमी करून घ्यायचा आणि वळणात हलकंसं थ्रॉटल देत जायचं, गाडी साइडकारभोवती फिरते. उजव्या वळणात थ्रॉटल सोडलं की साइडकार स्वतःच पुढून फिरून येते. साइडकारच्या चाकाला ब्रेक असेल तर ब्रेकच्या वेळची ओढ पुष्कळ कमी होते, जुन्या कितीतरी साइडकारना तो नसतोच.

डावं वळण हे घात करणारं वळण आहे. वेग थोडा जास्त झाला की साइडकारचं चाक जमिनीवरून उचललं जातं, रिकामी असेल तर अजूनच लवकर. तुमची पहिली प्रतिक्रिया असेल जोरात ब्रेक मारायची किंवा हँडल उजवीकडं फेकायची, आणि उजवीकडं समोरून येणारा ट्रक असतो. म्हणून हे मैदानातच मुद्दाम करून बघायचं. ताशी दहा मैलांवर डावीकडं गोल गोल फिरत राहा, गोल हळूहळू लहान करा, कुठल्या क्षणी चाक हलकं होतं ते पायाला, कमरेला कळलं पाहिजे. उचललं गेलं तर अंग डावीकडं टाका, हँडल थोडंसं सरळ करा, थ्रॉटल एकदम सोडू नका, ते परत खाली बसतं. दोन-तीन तास हे केलं की अंगात भिनतं. उजव्या वळणात गाडी पडायची भीती कमी पण जास्त जोरात गेलात तर मागचं चाक हलकं होतं आणि साइडकारचं नाक खाली जातं, तेही एकदा अनुभवून घ्या, हळू वेगात.

मैदानातून मग रस्त्यावर. एकसारख्या वेगानं, ताशी ३०-३५ मैलांवर, सरळ आणि शांत रस्त्यावर हात सैल धरून बघा. डावीकडं ओढत असेल तर झुकाव थोडा वाढवा, त्यानं भागलं नाही तर टो-इन चिमूटभर वाढवा. उजवीकडं जात असेल तर झुकाव कमी करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परत तोच रस्ता, नाहीतर कशानं काय झालं ते कधीच कळणार नाही. वरच्या दांड्याचा अर्धा आटा फिरवला तरी हाताला फरक जाणवतो. थरथर होत असेल तर डँपर घट्ट करायच्या आधी हेड बेअरिंग, पुढच्या टायरची हवा आणि चाकाचं बॅलन्सिंग बघा, डँपरनं बिघाड झाकता येतो पण तो तिथंच राहतो. एम २१ साइडकारसकट ताशी ४०-४५ मैलांवर खूश असते, त्याच्या पुढं ताणू नका, हिची बनावटच तशी नाही.

आता माणूस बसवा. आत जाताना आणि बाहेर येताना गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा कारण पार्किंग ब्रेक नसतो, सपाट दिसणाऱ्या जागेवरही ती सरकते. मडगार्डवर पाय देऊन चढू देऊ नका, पाहुणे हमखास तिथंच पाय देतात. ओढणी, मफलर, लांब पट्ट्याची पर्स, सगळं आत, चाकाच्या बाजूला काही लोंबायला नको. हेल्मेट आत बसणाऱ्यालाही. आणि रिव्हर्स गिअर नसतो हे पार्क करताना लक्षात ठेवा, उताराच्या टोकाला नाक खुपसून थांबलात तर वर ढकलायला तुम्ही आणि तुमचे पाहुणे.

कागदपत्रांबद्दल, ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या आणि फार बदल न केलेल्या गाडीला एमओटी म्हणजे वार्षिक तपासणी लागत नाही आणि रोड टॅक्सही माफ असतो, पण विमा लागतोच आणि विमा कंपनीला साइडकार लावलीय हे स्पष्ट कळवायचं. फ्रेम आणि इंजिनचे नंबर कागदावरच्या नंबरशी जुळतायत का ते पैसे द्यायच्या आधी बघा. भारतात करत असाल तर साइडकार बसवायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा, नंतर नाही. बाकी जोडणीची सगळी मापं तिथं जशीच्या तशी चालतील, बाजू तीच आहे.

पहिल्या पन्नास मैलांनंतर चारही जोडांचे नट परत पाना लावून बघा, एखादा तरी अर्धा आटा फिरणारच, नवीन रंगाचा थर चेपला गेलेला असतो. मग शंभर मैलांवर परत. बॉल जॉइंटला ग्रीस, साइडकारच्या हबला ग्रीस, स्पोक बोटांनी दाबून सैल आहे का ते, आणि तिन्ही टायरवरून हात फिरवून कडा कातरल्यात का ते. कातरलेली कड सापडली तर नवा टायर आणायच्या आधी पट्ट्या बाहेर काढा आणि टो-इन परत मोजा.